न पाहिलेली गाठ

जगदाळे मॅडम गोठ्यात शिरल्या की आधी चपला काढून गमबूट चढवत आणि मग मालकाला गप्प करत. "एक मिनिट," एवढंच म्हणत. ते मिनिट साठ सेकंदांचं असे. गायीच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं त्यांना मान्य नव्हतं. आकडा आला की तो बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहीत. दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजत, आणि मग तिसऱ्यांदा. तळहातावर तीन आकडे उतरल्याशिवाय त्या मालकाच्या तोंडाकडे पाहत नसत. तोवर मालकाने मनात जुळवून ठेवलेली हकिगत अर्धी विरून गेलेली असे.

मी कडावचा. नोकरीला खालापूरला एका कचेरीत, आकडेमोडीच्या टेबलावर. घरी दोन गाई. मॅडमांचा दवाखाना कर्जतला बाजाराच्या मागे, एका खोलीचा. पण दवाखान्यात त्या क्वचितच सापडत. कर्जत ते खालापूर या पट्ट्यात त्यांची राखाडी स्कूटर कुठल्या ना कुठल्या गोठ्यासमोर उभी असे. त्या मूळच्या फलटणकडच्या. इथे अकरा वर्षं होत्या, गेल्या वर्षी परत तिकडे गेल्या. घरच्यांविषयी त्या बोलत नसत आणि मी कधी विचारलं नाही. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई. केस कापलेले, अंगात सलवार-कमीज आणि त्यावर पुरुषांचा खाकी शर्ट. उजव्या हाताची करंगळी गायीच्या लाथेने वाकडी झालेली. पहिल्या वर्षी गावातल्या पोरींनी त्यांना चिडवायला 'गमबूटवाली' नाव ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा "बरोबर आहे, गमबूटच घालते मी," म्हणाल्या. मग त्या नावात काही मजा उरली नाही.

माझी त्यांची ओळख माझ्या जर्सीमुळे झाली. दूध कमी झालं होतं, तेवढं मी सांगितलं.

"मोजलं की वाटलं?" त्यांनी विचारलं.

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता, हे मला नंतर कळलं. मी आतून वही आणली. सकाळ-संध्याकाळचं दूध मी लिटरमध्ये लिहून ठेवतो. त्यांनी उभ्या उभ्या अकरा दिवसांचे आकडे वाचले आणि आठव्या दिवसावर बोट ठेवलं. तिथे एका आकड्यावर दुसरा गिरवलेला होता. खरा कोणता, असं त्यांनी विचारलं. मला आठवेना. "मग तो दिवस सोडून द्या," त्या म्हणाल्या आणि दहाच दिवसांची सरासरी काढून गायीकडे वळल्या. त्या गेल्यावर बायको म्हणाली, बाईने चहाला नाही म्हटलं, बसायलाही नाही म्हटलं, वहीशी मात्र अर्धा तास गप्पा मारल्या. अर्धा तास नव्हे, सात मिनिटं. पण बायकोच्या म्हणण्याचा रोख खरा होता.

आमच्या भागात गाय खाईनाशी झाली की पहिला संशय तारेचा. त्याला कारणही आहे. इथलं गवत पूर्वीपासून वखारीत दाबून, गासड्यांना तारा आवळून मुंबईच्या तबेल्यांना जातं. शिवाय गेल्या काही वर्षांत जिथे तिथे फार्महाऊसची बांधकामं निघाली, तिथली सळया बांधायची काळी तार बोट-बोटभर तुकड्यांनी शेतात पडते. गाय चावून खात नाही, गिळते. गिळलेली तार पोटाच्या पहिल्या कप्प्यांत पडते, आणि तिथून हृदय फार लांब नाही. मधे फक्त एक पडदा. तार पडद्यातून घुसली की हृदयाभोवतीच्या पिशवीत पू होतो, गळ्याखाली सूज उतरते, मानेची शीर अंगठ्याएवढी फुगते. मॅडम हे सगळं शेतकऱ्याला जमिनीवर काडीने चित्र काढून सांगत. ते चित्र पाहून माणसं आपल्याच छातीवर हात ठेवत.

तार ओळखायच्या त्यांच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. गायीच्या छातीखाली आडवा बांबू धरून दोघांनी हळूच उचलायचा. तार असेल तर गाय कण्हते. पाठीवर चिमटा घ्यायचा. धडधाकट गायीची पाठ खाली दबते, तार असलेलीची दबत नाही. उतारावरून चालवायची, तारेची गाय उतरायला बघत नाही. आणि उपाय म्हणून त्या गाईंना लोहचुंबक चारत. बोटाएवढा, गुळगुळीत. तो पोटात जन्मभर राहतो आणि तारा धरून ठेवतो. पोटात चुंबक आहे की नाही, हे बघायला त्या शाळेतल्या मुलांचं होकायंत्र छातीजवळ धरत. काटा फिरला की समजायचं. खालापूरकडच्या एका म्हाताऱ्याने हे पाहून विचारलं होतं, "म्याडम, आता माजी गाय उत्तरंकडंच तोंड करून बसंल का?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बसणार नाही," त्यांनी सांगितलं. "बसली तर मला फोन करा." म्हाताऱ्याने म्हणे चार दिवस लक्ष ठेवलं.

आता त्यांच्या चुकीविषयी. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही, डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. खालापूरजवळ नारायणशेठ म्हणून एकांची गवताची वखार आहे. त्यांची एक पांढरी गाय आजारी पडली. गळ्याखाली घागरीसारखी सूज, मानेच्या शिरा टरारलेल्या. मी कचेरीतून सुटून तिथे गेलो होतो, कारण परतताना मला मॅडमांच्या स्कूटरवर कर्जतपर्यंत यायचं होतं. त्यांनी तीनदा मोजलं. मग बांबू लावला. गाय कण्हली का? कुणी म्हणालं कण्हली, कुणी म्हणालं फक्त श्वास सोडला. मॅडमांनी नजर फिरवली. आजूबाजूला वखारीत तारांची भेंडोळी पडलेली होती. "तारच आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गायीची डावी कूस उघडली. खांद्यापर्यंत हात आत घालून त्या वीस मिनिटं चाचपत होत्या. दोन खिळे निघाले, एक नाणं निघालं, टोचलेली तार नव्हती. टाके घातले. चौथ्या दिवशी गाय मेली. मॅडमांनी ती उघडून पाहायची परवानगी मागितली आणि शेठने दिली. हृदय बाहेर काढून त्यांनी पाटावर ठेवलं. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात मुठीएवढी फिकट गाठ होती, ओल्या खोबऱ्याच्या रंगाची. रक्त परत यायची वाटच तिने अडवलेली होती. बाहेरून सगळी लक्षणं तारेची आणि आत तारेचा पत्ता नाही.

वखारीतले हमाल, शेठ, शेठचे दोन भाऊ आणि मी, असे तिथे दहा-अकरा जण होतो. मॅडम हात धुऊन आल्या आणि शेठसमोर उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं. तार नव्हती. पोट कापायला नको होतं. न कापता ती आणखी काही दिवस जगली असती."

शेठ व्यवहारी माणूस. ते म्हणाले, अहो, नाहीतरी मरणारच होती. मॅडम म्हणाल्या, "ते वेगळं."

गाठीचा तुकडा त्यांनी बरणीत घालून मुंबईला तपासायला पाठवला. अहवाल दोन महिन्यांनी आला. त्यातलं लांबलचक नाव मी उतरवून घेतलं होतं, पण त्याचा इथे उपयोग नाही. मतलब असा की गायीच्या हृदयात गाठ होणं मुळातच विरळ. झाली तर बहुधा रक्ताच्या एका रोगाबरोबर होते आणि मग काखेत, जबड्याखाली इतरही गाठी लागतात. ही तशी नव्हती. एकटीच, हृदयातच वाढलेली. मॅडमांनी मला सांगितलं की पुष्कळ डॉक्टर अशी गाठ एकदाही न पाहता निवृत्त होतात.

त्यानंतर त्यांनी कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. आमच्याकडे घराघरांत भिंतीवर एक कॅलेंडर दुधासाठी असतं, रोजच्या चौकोनात लिटर लिहायचे. मॅडम गाय तपासून बाहेर आल्या की त्या दिवसाच्या चौकोनात आपलं निदान लिहीत आणि खाली 'कुं. ज.' अशी सही करत. 'उद्या संध्याकाळपर्यंत ताप उतरेल.' 'गाभण नाही.' 'पाय मोडलेला नाही, मुरगळला आहे.' खरं ठरलं तर पुढच्या खेपेला त्यापुढे बरोबरची खूण, खोटं ठरलं तर फुली. दोन्ही खुणा सारख्याच आकाराच्या. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, मागाहून सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. माझ्या घरच्या एका वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांच्या चौदा नोंदी होत्या. अकरा बरोबर, तीन फुल्या.

नाक्यावरच्या टपरीला यातून मोठी करमणूक मिळाली. मटक्याचा आकडा लावणारी मंडळी तिथे बसतात. "म्याडमनी आज कोणाकडं आकडा लावला रं?" "ओपन आला, क्लोज बाकी हाय." मॅडमांनी एकदा मला मटका म्हणजे नेमकं काय, ते विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण आकडा ते आधी लावतात ना? मग पद्धत बरोबर आहे."

माझ्या शेजारी यमुनाकाकू राहतात. काका गेले, तेव्हापासून घर आणि गोठा त्यांच्याच हातात. मुलगा प्रकाश, त्याचा टेंपो आहे. काकूंची मैना ही गाय त्यांच्याच गोठ्यात जन्मलेली, काकूंनी बाटलीने वाढवलेली, कारण तिची आई ती आठवड्याची असताना साप चावून मेली होती. मैना काकूंच्या हाकेला शेतातून ओ देई, हे मी ऐकलेलं आहे. ती चौथ्या वेताची गाभण असताना खाईनाशी झाली. पाच-सहा दिवसांत गळ्याखाली सूज आली आणि मानेची शीर फुगली. प्रकाशने शीर पाहिली आणि म्हणाला, तार.

मॅडम आल्या, त्या दिवशी रविवार होता म्हणून मी घरी होतो. त्यांनी तीनदा मोजलं: १०४, १०२, १०४. गायीचे साठ-सत्तर, फार तर ऐंशी असायला हवेत. मग ताप पाहिला, नव्हता. बांबू मी आणि प्रकाशने धरला. मैना कण्हली नाही. चिमट्याला पाठ नीट दबली. शेताच्या उतारावर नेली, तर दम लागला, पण उतरायला कां-कूं केली नाही. होकायंत्राचा काटा फिरला, म्हणजे दोन वर्षांपूर्वी चारलेला चुंबक जागेवर होता. काखेत, जबड्याखाली कुठेही गाठ लागली नाही. मग मॅडम पुन्हा कान देऊन उभ्या राहिल्या, या वेळी उजव्या बाजूने, आणि घड्याळाकडे न बघता. बराच वेळ. नंतर त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला. डावीकडे ठोके स्पष्ट होते. उजवीकडे ते भिंतीपलीकडून आल्यासारखे.

त्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, तेवढंच सगळं पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी ओटीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो.

"तार नाही," त्या म्हणाल्या. "हृदयात गाठ आहे असं माझं मत आहे. त्याला औषध नाही. पण कापू नका. कापलं तर ती कापतानाच जाईल आणि पोटातलंही जाईल. सांभाळली तर कदाचित वासरू हाती येईल."

प्रकाशने तोवर पनवेलकडच्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. ते परवा येऊन पोट उघडणार होते. त्यांनी फोनवरच तार सांगितली होती. प्रकाश म्हणाला, "म्याडम, राग मानू नका. मागं तुमी तार म्हनलात तवा गाठ निगाली. आता गाठ म्हंताय. उद्या तार निगाली तं?"

"निघू शकते."

"मंग?"

"मग तुमची गाय वाचण्यासारखी असताना माझ्यामुळे मेली, असं होईल."

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. मलाही एक प्रश्न होता आणि तो मी विचारला. जी गाठ डॉक्टरांना अख्ख्या आयुष्यात दिसत नाही, ती याच बाईंना दोनदा कशी दिसावी, आणि दुसऱ्यांदा अगदी आपल्या शेजारी?

"हाच प्रश्न मला तीन दिवस पडलाय," मॅडम म्हणाल्या. "एकदा एखादी गोष्ट हातून सुटली की माणसाला ती सगळीकडे दिसायला लागते. तसं झालं असेल तर मला ते आतून कळणार नाही. म्हणून तीनदा आले. दहातले सात गाठीचे धरा. तीन माझ्या चुकीचे."

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात यंत्रावर हृदय दिसतं, हे त्यांनीच सांगितलं. प्रकाश टेंपो काढायला तयार होता. पण मैना पन्नास पावलं चालली तरी धापा टाकत होती. फळीवरून टेंपोत चढली तर उतरणार नाही, असं मॅडमांचं म्हणणं.

काकू दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी सात आणि तीनचा हिशोब विचारला नाही. "वासराला किती दिस पायजेत अजून?" एवढंच विचारलं. रेतन केल्याची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर होतीच. मी मोजलं. त्या दिवशी दोनशे सव्वीस दिवस भरले होते. मॅडम म्हणाल्या, दोनशे ऐंशी पुरे असतात, पण दोनशे साठ झाले तर इंजेक्शन देऊन आधी व्यायला लावता येईल. म्हणजे चौतीस दिवस.

काकू आत जाऊन पाणी पिऊन आल्या. "पक्या, त्या पनवेलवाल्याला नको म्हनून सांग."

"आये, तार निगाली म्हंजे?"

"निगाली तर निगाली. पोटातलं घिऊन मी सुरीखाली नाय देनार तिला."

मॅडम उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'गाठ. तार नाही.' खाली या वेळी 'कुं. ज.' न लिहिता पूर्ण नाव लिहिलं, कुंदा जगदाळे. चौकोनात मावेना, म्हणून शेवटची अक्षरं शेजारच्या चौकोनात गेली. संध्याकाळी टपरीवरची दोघं-तिघं दूध न्यायच्या निमित्ताने येऊन ते वाचून गेली.

पुढचे दिवस मैनाला जागेवरच ठेवायची, दमवायची नाही, पाणी आणि चारा तोंडाशी द्यायचा, मीठ बंद, एका दिवसाआड अंगातलं पाणी काढायचं इंजेक्शन. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात वाजता ठोके मोजायचं काम माझ्याकडे आलं. मॅडमांनी जुना स्टेथोस्कोप देऊन ठेवला होता. मी आकडे मोबाइलवर पाठवत असे. उत्तर यायचं ते 'ठीक' किंवा काहीच नाही. एकदा मी एकच आकडा पाठवला, तर उलट प्रश्न आला, 'दुसरे दोन?' एकदा आकडा ११८ वर गेला, तेव्हा उत्तर न येता वीस मिनिटांनी स्कूटरच आली. त्या चौतीस दिवसांत त्या एकवीस वेळा आल्या. काकू त्यांच्याशी फारसं बोलत नसत. पण तिसऱ्या आठवड्यात कधीतरी 'म्याडम' जाऊन 'बाय' आलं, आणि मॅडम ओटीवर बसून कोरा चहा घ्यायला लागल्या. माझ्या बायकोने त्याची नोंद घेतली.

मैनाला दूध उतरलं नाही तर वासराला पहिला चीक मिळणार नाही, हे धरून मॅडमांनी दुसऱ्या एका ताज्या व्यालेल्या गायीचा चीक दोन बाटल्या आणून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवला. बायकोने बाटल्यांवर कागद चिकटवला, 'खरवस करायचा नाही.' तो माझ्यासाठी होता.

दोनशे साठाव्या दिवशी सकाळी इंजेक्शन झालं. दोनशे बासष्टाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मैना व्याली. मॅडम आणि प्रकाश दोघांनी मिळून वासरू ओढलं. ते लहान होतं. काट्याला पोत्यात घालून लटकवलं, तेव्हा पोतं वजा जाता एकोणीस किलो भरलं. श्वास घ्यायला त्याने वेळ लावला. मॅडमांनी त्याच्या नाकात गवताची काडी घातली, ते शिंकलं. गोऱ्हा होता.

"येवडं मोजून मोजून गोऱ्हाच," प्रकाश म्हणाला.

"गप रं," काकू म्हणाल्या. "तू बी गोऱ्हाच झालावतास."

मैनाने त्याला चाटलं. उठायला दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं नाही. वासरामागची वार पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मोजले तेव्हा एकशे तीस होते आणि सलग लागत नव्हते. नऊच्या आधी ती गेली. काकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मॅडम साडेनऊला आल्या. प्रकाशने त्यांना भिंतीपाशी नेलं. तुमी बोललात तसंच झालं, वासरू मिळालं, आता त्या चौकोनात बरोबरची खूण करा, असं तो म्हणत होता. मॅडमांनी पेन काढलं नाही. गाय हृदयाने गेली एवढंच कळलं, त्या म्हणाल्या. तारेनेही अशीच गेली असती. आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

मग त्या काकूंकडे गेल्या आणि उकिडव्या बसून विचारलं. छातीपुरतं उघडायचं, अर्धा तास लागेल, मी पुन्हा शिवून देईन. मला कळायला हवं आहे. पुढच्या गायीला उपयोग होईल.

"नाय," काकू म्हणाल्या. "पोटचं देऊन गेलीय ती. तिला सुरी नाय लावायची."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

कडावात आजही लोक सांगतात की जगदाळे मॅडमनी नुसत्या कानाने गायीच्या काळजातली गाठ ओळखली. मी सांगताना एवढंच सांगतो की त्यांनी गाठ सांगितली होती आणि वासरू जगलं. या दोन गोष्टी मी पाहिल्या. तिसरी पाहिलेली नाही.

प्रकाशने शेजारच्या फार्महाऊसच्या कामावरचा जेसीबी आणला आणि शेताच्या कडेला खड्डा काढला. मैनाला त्यात उतरवली. हळद-कुंकू झालं, खण ठेवला, नारळ ठेवला, दोन पोती मीठ पडलं. डावी कूस वर होती. मॅडम खड्ड्याच्या काठावर गमबूट घालून उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. त्यांची पेटी स्कूटरवर बंद होती. जेसीबीवाल्याने यंत्र सुरू केलं, तेव्हा काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"बाय, तुला बगायचं हाय ना आतलं?"

"हो."

"लय?"

"हो, काकू. खूप."

"मंग दुसऱ्यांदा का नाय इचारलंस? मला वाटलेलं, इचारशील."

"एकदा विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत."

काकूंनी वाकून खड्ड्यात पाहिलं. यंत्र नुसतं घरघरत होतं. मला त्या वेळी वाटलं की काकू हो म्हणतील, आणि मलाही ते हवं होतं, हे मी नाकारत नाही.

"टाका रं माती," काकू म्हणाल्या.

पहिलं बकेट मागच्या पायांवर पडलं, दुसरं पोटावर. तिसऱ्याच्या वेळी चालकाने मॅडमांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. माती छातीवर पडली, कोपराच्या मागची जागा झाकली गेली, आणि तोवर त्या तिथून हलल्या नाहीत. मग वळून त्यांनी काकूंना विचारलं की वासराने सकाळपासून काय घेतलं. काकू म्हणाल्या, अर्धी बाटली चीक, मग तोंड फिरवलं. "चला, बघू," मॅडम म्हणाल्या.

दोघी बांधावरून गोठ्याकडे निघाल्या, पुढे काकू, मागे मॅडम. बांध अरुंद होता आणि काकूंचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा मॅडमांनी त्यांचं कोपर धरलं आणि गोठ्यापर्यंत सोडलं नाही. आतून वासरू ओरडत होतं.